रात्रपाळीला पेटीची किल्ली कुणाकडे असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक छोटी फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करायचा कारखाना, आणि तिला जोडून मशीनशॉप. स्वतःचे 34 कामगार, शिवाय फेटलिंगला (ओतलेल्या मालावरचा जादा धातू घासून काढायच्या कामाला) ठेकेदाराची दहा-बारा माणसं, दोन पाळ्या. ऑफिसात प्रथमोपचाराची पेटी आहे. मालक विचारतात: "कायद्यानं मी नेमकं काय करायला हवं? पेटीत कोणती औषधं ठेवू? ठेकेदाराच्या माणसाला काही झालं तर जबाबदारी माझी की त्याची? आणि मागच्या महिन्यात ओतकाम करताना एकाच्या हातावर धातू उडाला, तेव्हा पोरांनी त्यावर टूथपेस्ट लावली. ते बरोबर केलं का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो हात कदाचित अजून बरा होत असेल. टूथपेस्ट लावायला नको होती. पोरांना मी दोष देत नाही. घरात आईनं, आजीनं केलेलं पाहिलं तेच त्यांनी केलं. आपल्याकडं भाजलं की टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, जे हाताला लागेल ते लावतात. वरून गार वाटतं, आतली आग तशीच राहते. आणि दवाखान्यात गेल्यावर जखम किती खोल आहे हे बघायला डॉक्टरांना तो सगळा लेप काढावा लागतो. भाजलेल्या कातडीवरून वाळलेला लेप काढताना ज्यानं जवळ उभं राहून पाहिलंय, तो पुन्हा कुणाला काही लावू देत नाही.

करायचं ते एवढंच: नळाचं साधं, वाहतं पाणी, 20 मिनिटं. अंदाजानं नाही, घड्याळ बघून. दोन मिनिटांत माणूस "आता बरं वाटतंय" म्हणतो आणि हात काढून घेतो, तिथं त्याच्याशेजारी कुणीतरी उभं राहायला पाहिजे. बर्फ लावायचा नाही, त्यानं त्या भागाचा रक्तपुरवठा आटतो आणि इजा वाढते. अंगठी, कडं, मनगटातला दोरा पहिल्या मिनिटातच काढायचा, सूज चढली की निघत नाही. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीनं कापायचं. फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, न चिकटणारी पट्टी किंवा स्वयंपाकघरात वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म सैलसर पसरून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. लगेच पाणी मिळालं नाही म्हणून सोडून देऊ नका. भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी धरलं तरी उपयोग होतो.

आता फाउंड्रीची खरी अडचण इथंच आहे. वितळलेलं लोखंड साधारण 1400 अंशांवर ओततात. त्याच्याखाली थोडं जरी पाणी अडकलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. म्हणून ओतकामाच्या जागी पाणी येऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की सगळ्यात जवळचा नळ शेडच्या मागं, संडासाच्या कोपऱ्यात असतो. भाजलेला माणूस तिथवर चालत जातो आणि तेवढ्यात मौल्यवान मिनिटं जातात. ओतकामापासून सुरक्षित अंतरावर, पण थोड्या पावलांत पोचता येईल असा एक नळ आणि डोक्यावरचा शॉवर बसवा. त्याच्या पाण्याला वेगळी मोरी काढा म्हणजे फरशी ओली होणार नाही. आणखी एक गोष्ट, जी मला बरीच वर्षं लक्षात आली नव्हती: आपल्या टाक्या पत्र्यावर, उन्हात असतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या नळाखाली स्वतःचा हात धरून बघा. पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम येतं. त्या शॉवरची लाइन सावलीतल्या किंवा जमिनीतल्या टाकीवरून घ्या.

किल्लीचं आता सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा एका मोठ्या फाउंड्रीत सुरक्षा अधिकारी होतो. रात्रपाळी, पहाटेचे पावणेतीन. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू न्यायचं भांडं, हलली आणि थोडासा धातू एका पोराच्या बुटात गेला. बूट लेसचे होते. दोघांनी मिळून गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण त्यांचे हात थरथरत होते आणि त्या पोराला पाय स्थिर ठेवता येत नव्हता. लेस कापायला कात्री पाहिजे. कात्री पेटीत होती. पेटी ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली टाइमकीपरच्या ड्रॉवरमध्ये आणि टाइमकीपर दिवसपाळीचा. शेवटी एकानं कोअर शॉपमधून (साच्यातले गाभे बनवतात तिथून) पत्र्याची कात्री आणून बूट कापला. पोराचा पाय वाचला, पण घोट्यापाशी दोनदा कातडी बसवावी लागली. कागदावर त्या कारखान्यात सगळं होतं: पेटी, रजिस्टर, प्रमाणपत्र असलेला माणूस. तो माणूसही दिवसपाळीचाच होता. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेलो की मी पेटी उघडून बघत नाही, आधी विचारतो, रात्रपाळीला किल्ली कुणाकडे असते?

कायदा नेमका हेच विचारतो, म्हणून हे सांगितलं. 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 45 ज्यांनी वाचलंय त्यांना त्यातला "दीडशे कामगारांमागं एक पेटी" हा आकडा तेवढा आठवतो. पण त्याच कलमात पुढं असं होतं की पेटी कामाच्या सगळ्या तासांत सहज हाताशी असली पाहिजे, तिच्यात ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, आणि प्रत्येक पेटी अशा माणसाच्या ताब्यात पाहिजे ज्याच्याकडं राज्य सरकारनं मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे आणि जो कामाच्या तासांत कायम उपलब्ध आहे. दोन पाळ्या असतील तर दोन्ही पाळ्यांत. 500 हून जास्त कामगार असतील तर सुसज्ज ॲम्ब्युलन्स रूम, म्हणजे कारखान्यातच उपचाराचा कक्ष, तोही डॉक्टर आणि नर्सच्या देखरेखीखाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 हिनं घेतली. तिच्या कलम 24 मध्येही पुरेशा पेट्या, सगळ्या कामाच्या तासांत सहज हाताशी, आणि 500 च्या वर कक्ष, हे तसंच आहे. नवा कायदा आला म्हणून जुनं प्रमाणपत्र किंवा जुनी पद्धत मोडीत काढायची घाई कुणी करू नये.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल नव्या संहितेनं पूर्वीचा गोंधळ कमी केला आहे. पूर्वी 1970 च्या ठेका कामगार कायद्यात प्रथमोपचाराची सोय आधी ठेकेदारानं करायची आणि त्यानं केली नाही तर मूळ मालकानं, अशी रचना होती. त्यामुळं दोघंही एकमेकांकडं बोट दाखवायचे आणि फेटलिंगच्या शेडमध्ये पेटीच नसायची. आता कल्याणकारी सोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावर आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जबाबदारी तुमची. तुमच्या शेडमध्ये काम करणारी ती दहा-बारा माणसं प्रथमोपचाराच्या हिशेबात तुमच्याच 34 मध्ये मिळवा. ग्राइंडर तीच माणसं चालवतात, त्यामुळं डोळ्याला आणि हाताला सगळ्यात जास्त धोका त्यांनाच आहे.

जुन्या कायद्यातल्या दीडशेच्या आकड्यानं तुम्हाला एक पेटी पुरते. माझं मत विचाराल तर तीन लागतील: ओतकामाजवळ एक, मशीनशॉपमध्ये एक, फेटलिंगला एक. एका पेटीला साधारण दोन-तीन हजार रुपये धरा. दोन शेडमध्ये रस्ता असेल, मध्ये ट्रक उभा असेल, पाऊस असेल, तर पलीकडची पेटी नसल्यात जमा आहे. भिंतीवर छातीच्या उंचीवर, उजेडात, आणि कुलूप नको. "पट्ट्या घरी नेतात" ही तक्रार प्रत्येक मालक करतो. न्यायची तर नेऊ देत. महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या पट्ट्या गेल्या तरी त्या कुलपापेक्षा स्वस्त आहेत. फारच वाटलं तर दारावर कागदाची पातळ पट्टी चिकटवा. फाटलेली दिसली की कुणीतरी उघडलीय हे कळतं आणि लगेच भरती करता येते.

पेटीत काय? निर्जंतुक ड्रेसिंग लहान, मध्यम आणि मोठी, प्रत्येकी निदान सहा-सहा. भाजल्याची, न चिकटणारी ड्रेसिंग. पाच आणि दहा सेंटिमीटरच्या रोलर पट्ट्या. तीन-चार त्रिकोणी पट्ट्या, हात गळ्यात अडकवायला दुसरं काही इतकं सोयीचं नाही. चिकटपट्टी. डोळ्यावर ठेवायचे निर्जंतुक पॅड. सलाइनच्या बाटल्या. हातमोजे भरपूर, कारण रक्ताला हात लावायला कुणी कचरलं तर तो दोष त्याचा नाही, मोजे न देणाऱ्याचा आहे. बोथट टोकाची दणकट कात्री, जिच्यानं जीन्स आणि बुटाचं चामडं कापता येईल. तयार मिळणारं टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हात किंवा पाय आवळायचा पट्टा. झिप लावायच्या प्लास्टिकच्या पिशव्या. टॉर्च. न पुसणारं मार्कर पेन. वही. कापूस जखमेवर थेट ठेवायचा नाही, त्याचे तंतू चिकटतात. ठेवलाच तर पट्टीवरून. दर वस्तूवरची तारीख महिन्यातून एकदा बघायची आणि बघणाऱ्यानं झाकणाच्या आत सही करायची.

गोळ्या ठेवू नका. हे ऐकून मालक नाराज होतात, कारण डोकं दुखलं की माणूस गोळी मागतो आणि गोळी दिली की कामाला लागतो. पण कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी घेतोय, हे सुपरवायझरला माहीत नसतं. पोटात दुखतंय म्हणून गोळी दिली आणि दुखणं झाकलं गेलं, असं होऊ शकतं. छातीत दुखत असेल तर 108 ला फोन लावा आणि फोनवरचे डॉक्टर सांगतील तसं करा. एकच अपवाद मी करतो, तो म्हणजे ओआरएसची पाकिटं. भट्टीसमोर उन्हाळ्यात काम करणाऱ्याला ती लागतातच, पण ती पेटीत नको, पाण्याच्या टाकीजवळ ठेवा.

जुन्या याद्यांबद्दल एक सावधगिरी. 1971 च्या ठेका कामगार नियमांतल्या यादीत सापाच्या चाव्यासाठी छेद द्यायचं लॅन्सेट आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे होते. काही दुकानदार अजून तीच यादी बघून पेटी भरून देतात. साप चावलेल्या जागी कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, यातलं काहीही आता करत नाहीत. तो हात किंवा पाय फळीनं स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि प्रतिविष मिळतं अशा दवाखान्यात न्यायचं. आपल्या शेडच्या मागं ऊस असतोच, त्यामुळं ही गोष्ट फक्त साखर कारखान्यांपुरती नाही.

मशीनशॉपमध्ये पॉवर प्रेस आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हा परिच्छेद कापून भिंतीवर लावा. एका ठिकाणी प्रेसमध्ये दोन बोटं गेली. साथीदारानं प्रसंगावधान राखून बोटं उचलली, पण पुसायच्या तेलकट चिंध्यांत गुंडाळली आणि वाटेत रसवंतीतून बर्फ घेऊन त्यात थेट घातली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गोठली होती. गोठलेलं बोट जोडता येत नाही. बरोबर पद्धत अशी: तुटलेला भाग सलाइननं ओलसर केलेल्या स्वच्छ पट्टीत गुंडाळायचा, पिशवीत घालून पिशवी बंद करायची, आणि ती बंद पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फाचा आणि बोटाचा स्पर्श होता कामा नये. पिशवीवर मार्करनं नाव आणि वेळ लिहायची. आणि हे सगळं दुसऱ्या माणसानं करायचं. पहिल्यानं जखमेवर पट्टी घट्ट दाबून हात वर धरायचा आणि सोडायचा नाही. दर मिनिटाला "थांबलं का" म्हणून उचलून बघितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. टुर्निके फक्त तेव्हा, जेव्हा दाबूनही हाता-पायातून रक्त उसळत राहतं. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, आवळल्याची वेळ लिहून, आणि पुन्हा सैल न करता. तार, सुतळी, बुटाची लेस वापरायची नाही, ती कातडीत रुतते.

फेटलिंगवाल्यांचा रोजचा त्रास डोळ्यांचा. कण गेला की शेजारचा माणूस रुमालाचं टोक किंवा काडेपेटीची काडी घेऊन काढायला बसतो. काही जण त्यात इतके तरबेज समजले जातात की शेजारच्या शेडमधूनही लोक येतात. बुबुळावर रुतलेला कण काढताना ओरखडा पडतो, त्यात जंतू जातात, आणि पांढरा डाग पडला की तो कायमचा. तुमच्या कारखान्यात असा माणूस असेल तर त्याला मानानं बाजूला घ्या आणि हे काम थांबवा. त्यालाच प्रशिक्षण द्या, त्याच्या हातात धीर आहे. सैल धूळ असेल तर पाण्यानं धुवायचं, रुतलेलं असेल तर दोन्ही डोळे मिटायला सांगून वर पॅड ठेवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. आम्ल किंवा कॉस्टिक गेलं तर मात्र आधी धुवायचं, पापण्या उघड्या धरून, 15 ते 20 मिनिटं, मग दवाखाना. हुपरीला चांदीच्या कामात तेजाब घरोघरी वापरतात, इचलकरंजीत माग चालू असताना धोटा उडून तोंडावर बसतो. तिथल्या खाते-मालकांनीही हे आपलं समजून वाचावं.

हृदय थांबण्याबद्दल. आपल्याकडं एक वेगळीच अडचण मला प्रशिक्षण देताना आली. "सीपीआर द्या" म्हटलं की कोल्हापूरचा माणूस गाडी काढायला धावतो, कारण सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. म्हणून मी तो शब्दच सोडून दिला. "छाती दाबा" एवढंच म्हणतो. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकानं 108 ला फोन आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. मदत पोचेपर्यंत. थकवा येतो, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. शहरातून शिरोलीला रुग्णवाहिका यायला किती मिनिटं लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच, मग माणूस. प्रत्येक कामगाराला मेन स्विच कुठं आहे हे माहीत पाहिजे, फक्त वायरमनला नाही. टाकीत, खड्ड्यात, सांडपाण्याच्या विहिरीत कुणी कोसळला तर त्याला काढायला कुणीही तसंच उतरायचं नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी घरंच्या घरं गेली आहेत. दोरी आणि श्वासाचं उपकरण नसेल तर वरून हवा सोडायची आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूचं लोखंड बाजूला सारा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा.

एवढं सगळं करणार कोण? मालक सहसा ऑफिसातल्या पोराचं किंवा एचआरचं नाव देतात, कारण तो प्रशिक्षणाला मोकळा असतो. पण अपघात ऑफिसात होत नाही. प्रत्येक पाळीत निदान दोन माणसं, आणि ती शॉपफ्लोअरवरची. एक रजेवर गेला तरी दुसरा असतो. कोअर शॉपमध्ये बायका असतील तर त्यांच्यातली एक असलीच पाहिजे. बाई चक्कर येऊन पडली आणि आजूबाजूला सगळे पुरुष संकोचानं नुसते उभे, हे मी पाहिलंय. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचं प्रशिक्षण घ्या. तो दिवस भरपगारी हजेरीचा धरा, सुट्टीच्या दिवशी बोलावू नका. दर तीन वर्षांनी उजळणी, आणि मध्ये दर तिमाहीला अर्धा तास. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ आणि बॅजवरच भागवू नका. त्या दिवशी एकदा सगळ्यांसमोर छाती दाबून दाखवा.

कधीतरी न सांगता तपासून बघा. संध्याकाळी सातला शेडमध्ये जा, कुणालाही म्हणा, "समज याचा हात कापला, चल." आणि मोबाइलवर वेळ लावा. एका ठिकाणी आम्ही असं केलं तेव्हा हातात पट्टी यायला नऊ मिनिटं लागली. कुणावरही रागावलो नाही. फक्त पेटी हलवली आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघितलं, तेव्हा एक मिनिटही लागलं नाही.

लोकांच्या मनात एक भीतीही असते: "हात लावला आणि काही झालं तर आपल्यावर येईल." आणि दवाखान्याबाहेर, "आधी पोलीस केस करा." दुसऱ्या गोष्टीचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात लावला आहे. कायदेशीर सोपस्कारांसाठी डॉक्टरांनी उपचार थांबवायचे नाहीत, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. पहिल्या गोष्टीचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. तुमच्या सहीचं एक पान भिंतीवर लावा: प्रथमोपचार करणाऱ्याच्या पाठीशी कारखाना उभा राहील, त्यासाठी गाडी, पैसे किंवा सामान वापरायला कुणाला विचारायची गरज नाही. रात्री दोन वाजता मालकाला उठवून "गाडी काढू का" असं विचारायची वेळ यायला नको.

गाडीचं आधीच ठरवा. गंभीर असेल तर 108. किरकोळ असेल तर प्रत्येक पाळीत गाडी चालवता येणारा एक माणूस आणि टाकीत डिझेल. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत भोवळ आली तर तिघंही रस्त्यावर. भाजल्याला कुठं, तुटलेल्या बोटाला कुठं, डोळ्याला कुठं, हे तीन दवाखाने आणि त्यांचे रात्रीचे फोन पेटीच्या झाकणाच्या आत लिहा. आणि एकदा स्वतः जाऊन विचारून या की रात्री हाताचे सर्जन खरंच येतात का. अनेक ठिकाणी पाटी असते, पण सर्जन मात्र दुसऱ्या शहरात असतात.

नोंदीबद्दल मी कडक आहे. किरकोळ खरचटलं तरी वहीत लिहा: कुणाला, कधी, कुठल्या मशीनवर, काय केलं. महिनाभरात एकाच ग्राइंडरवर चार नोंदी दिसल्या तर तो ग्राइंडर दुरुस्तीला आलाय. मृत्यू झाला किंवा माणूस 48 तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे, जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर तिथंही अपघाताची नोंद आणि कळवणं आहेच. शिवाय ईएसआयच्या 1950 च्या नियमावलीनं विमा डॉक्टर बघेपर्यंतचा प्रथमोपचार आणि वाहन ही मालकाचीच जबाबदारी ठरवली आहे.

आणि कृपा करून कुणाला "घरी पडलो असं सांग" असं सांगू नका. मला माहीत आहे, हे अनेक ठिकाणी होतं, आणि कामगारही नोकरीच्या भीतीनं मान डोलावतो. पण त्याचं नुकसान किती होतं ते बघा. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली तर ईएसआयमधून तात्पुरत्या अपंगत्वापोटी सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते, तीही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. नुसतं आजारपण म्हणून दाखवलं तर 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी आधी वर्गणीचे 78 दिवस भरलेले पाहिजेत. कायमचं अपंगत्व आलं तर कामावरच्या दुखापतीची पेन्शन तर पूर्णच जाते. त्या एका वाक्यानं माणसाचं बोटही जातं आणि बोटाची भरपाईही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाच माणसांवर लेथ चालवणारे, गुऱ्हाळ चालवणारे मला म्हणतात, "आम्हाला हा कायदा लागू नाही." संहितेचा आकडा दहापासून सुरू होतो हे खरं. पण घाण्यात हात गेला तर तो घाणा माणसं मोजत नाही, आणि काहिलीतला उकळता रस अंगावर आला तर चुलवाणाजवळच्या माणसाला तेच 20 मिनिटं पाणी लागतं. गुऱ्हाळात पाण्याला तोटा नसतो. एक स्वच्छ बादली, एक नळ, दोन मोठी ड्रेसिंग आणि गुळव्यापासून जळण घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत असलेला एक फोन नंबर, एवढ्यानं सुरुवात होते.

शेवटी शिरोलीचं म्हणून एक. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत तुमच्या शेडमधून शहरातला कुठलाही दवाखाना गाठता आला नसता. आता तुमच्या झाकणावरचे तिन्ही दवाखाने बहुतेक नदीच्या पलीकडं, शहरात असतील. मे महिना संपायच्या आत नदीच्या अलीकडच्या बाजूला, हातकणंगले आणि वडगावच्या दिशेला, कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, तिथं भाजलेल्याला आणि रक्तस्राव होणाऱ्याला घेतात का, हे जाऊन बघून या आणि त्याचा फोन चौथ्या ओळीत लिहा. पेट्यांमधलं सामान जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुप्पट ठेवा, आणि पाणी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर वाढायला लागलं की गाडी उंच जागी लावायला सांगा.